पंखा फिरतोय, स्क्रीन काळी

तर झालं असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला चैन पडेना. घरातला डेस्कटॉप मी २०१९ ला जोडलेला, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडतात ती मुख्य पाटी, पुढे नुसता बोर्ड म्हणतो), रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅम. चालायला काही वाईट नव्हता, पण २२००जी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही म्हणजे नाही. तो डेस्कटॉप वापरतात मुख्यतः बाबा. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार, मेंटेनन्सच्या पावत्या, सिंकिंग फंड, कोणाचे किती थकलेत, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये, आणि त्या फाइलवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे.

माझ्या बोर्डवरच्या एएम४ सॉकेटची (प्रोसेसर बसतो ती जागा) एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे तोच बोर्ड ठेवून चार-पाच वर्षं नवीन प्रोसेसर टाकता येतो. बायोस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) अपडेट केला की २०१८ च्या बोर्डवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो, चार कोअरचे (काम करणाऱ्या हातांचे) सहा कोअर आणि बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं. मग काय, एका शनिवारी सकाळी डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. प्रोसेसर घेतला, ८-८ च्या दोन रॅम घेतल्या. ५६०० मध्ये ग्राफिक, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवायची सोय, नसतं (२२००जी मध्ये होतं, तो 'जी' त्याचाच) म्हणून मित्राकडे धूळ खात पडलेलं जीटी ७१० कार्ड आधीच मागून ठेवलेलं. म्हणजे अभ्यास पूर्ण होता हो माझा, म्हणूनच तर जास्त राग येतो.

घरी आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "चालू आहे ना तो? मग उघडतोस कशाला? उद्या मीटिंग आहे संध्याकाळी, लिस्ट काढायचीये मला."

म्हटलं तासाभराचं काम आहे बाबा.

आधी बायोस. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच तो अपडेट करायचा, कारण जुन्या बायोसला नवीन प्रोसेसर ओळखूच येत नाही, मग स्क्रीन काळी ती काळीच. बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून फाइल घेतली, फॅट३२ नावाच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला (म्हणजे आतलं सगळं पुसून तयार केलेला) पेनड्राइव्ह लागतो म्हणून ड्रॉवरमधला हाताला लागला तो घेतला आणि केला फॉरमॅट. अपडेट पाच मिनिटात झाला, मशीन रीस्टार्ट झालं, बायोसच्या स्क्रीनवर नवीन व्हर्जन दिसलं, मी खुश. आणि इथेच, अगदी इथेच, विंडोज एकदा चालू होतंय का ते बघायला पाहिजे होतं. मी सरळ पॉवर बंद करून वायर काढली. ही एक चूक लक्षात ठेवा, ती पुढे येणारे.

मग कूलर, प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा. चार स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. सहा वर्षांची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, दोघांच्या मध्ये लावतात ती), वाळून खडखडीत झालेली, कूलर आधी हलेचना आणि मग एकदम 'टक' करून वर आला, खाली प्रोसेसर चिकटलेला. सॉकेटची दांडी लॉकमध्येच आणि प्रोसेसर माझ्या हातात. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, अगदी बारीक, आणि त्यातल्या एका कोपऱ्यातल्या पाच-सहा आडव्या झालेल्या. खरं तर मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, पेस्ट मऊ होते, मग कूलर डावी-उजवीकडे हलकाच पिळायचा आणि मग उचलायचा. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यात फरक असतो एवढंच.

म्हटलं जाऊ दे, जुना तर जुना, आता काय करायचंय त्याचं. नवीन बसवला, त्याच्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला लावून, जराही दाबावं लागलं नाही, आपल्या वजनाने खाली बसला. पेस्ट, नवा कूलर, दोन्ही नव्या रॅम, ग्राफिक कार्ड, आणि कॅबिनेटचं झाकण लावून स्क्रूसुद्धा आवळले, काय तो आत्मविश्वास.

बटन दाबलं. पंखे फिरले, लाइट लागली, मॉनिटर म्हणतो नो सिग्नल.

पहिली दहा मिनिटं गेली ती माझ्या सवयीमुळे. कॅबिनेट टेबलाखाली कोपऱ्यात, मागे डोकं घालायला जागा नाही, मी हाताने चाचपून एचडीएमआय लावलेली ती सहा वर्षं जिथे लावतोय तिथेच, बोर्डच्या पोर्टला. ५६०० वर त्या पोर्टमधून काहीच येणार नाही, तो फक्त शोभेला. वायर काढून कार्डला लावली. तरी काळं.

मग कॅप्स लॉक दाबून बघितला. ही युक्ती फार कामाची आहे, कॅप्स लॉकची लाइट लागत-विझत असेल तर मशीन आतून बहुतेक चालू आहे आणि भांडण फक्त डिस्प्लेचं आहे. माझा कीबोर्ड ढिम्म. झाकण परत उघडलं (तेच आवळलेले स्क्रू) तर बोर्डवर कोपऱ्यात, मशीन कुठे अडलंय ते दाखवणाऱ्या चार बारीक एलईडी असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, त्यातली डीरॅमची लागलेली. म्हणजे गाडी रॅमपाशी अडलेली.

आता इथून पुढचे तीन तास मी जे केलं त्याला ट्रबलशूटिंग म्हणत नाहीत, त्याला झोंबाझोंबी म्हणतात. रॅम काढ, घाल. स्लॉट बदल. एकच ठेव. जुनी घाल. प्रोसेसरची आठ पिनची पॉवर काढून परत लाव. प्रत्येक वेळी बटन दाबायचं, वीस सेकंद बघायचं, काळं दिसलं की बंद. मधेच जालावर कोणीतरी लिहिलेलं वाचून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल (बायोसची सेटिंग लक्षात ठेवणारा) पण काढला, सगळे तेच सांगतात, सेल काढा. संध्याकाळी सात वाजता बाबा दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, बघून गेले. ते जास्त लागतं.

आणि तेवढ्यात मला तो पेनड्राइव्ह आठवला. बाबा दर महिन्याला सोसायटीच्या फाइलचा बॅकअप घेतात, मीच शिकवलंय त्यांना, आणि तो घेतात एका पेनड्राइव्हवर, आणि तो ठेवतात ड्रॉवरमध्ये. पोटात गोळा आला खरंच. म्हणजे आता ती फाइल जगात एकाच ठिकाणी होती, त्या चालू न होणाऱ्या डब्यातल्या एसएसडीवर, म्हणजे डिस्कवर.

रात्री जेवण झाल्यावर ठरवलं की अंदाजपंचे बास. बोर्ड मेलाय की प्रोसेसर की रॅम हे कळायला एकच मार्ग, मशीन होतं तसं मागे न्यायचं. त्यासाठी जुना प्रोसेसर लागणार, तो वाकड्या पिनांचा. बाबांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं, टेबल लॅम्प खाली ओढला, आणि ०.५ च्या पेन्सिलमधलं शिसं काढून टाकलं. त्या पेन्सिलच्या टोकाची जी धातूची नळी असते ना ती पिनेवर बरोबर बसते. नळी पिनेवर घालायची आणि जिथून वाकलीये तिथून एकदम थोडंसंच उभं करायचं, मग नळी काढून बाजूच्या रांगेशी नजर लावून बघायची, परत थोडंसं. एका झटक्यात सरळ करायला गेलं की पीन तुटते आणि विषय संपला. शेवटी जुनं एटीएम कार्ड दोन रांगांमधून हलकेच फिरवलं, जिथे अडतं तिथे अजून वाकडी आहे. पाऊण तास गेला, मानेचा पार बाजार उठला, पण पहिल्याच वेळी प्रोसेसर सॉकेटमध्ये आपणहून खाली बसला. त्या क्षणाला मला जे बरं वाटलं ते नवीन प्रोसेसर घेताना पण नव्हतं वाटलं.

जुना प्रोसेसर, जुनी रॅम, कार्ड तसंच. बटन. डिस्प्ले आला! आणि पुढच्याच ओळीत, बूट करायला (विंडोज सुरू करायला) डिस्क सापडत नाही.

आता बघा गंमत. जुना प्रोसेसर, जुनी रॅम, तीच एसएसडी, सकाळी चालत होतं ते सगळं, आणि तरी विंडोज येत नाही. मी लगेच एसएसडीच्या नावाने बोंब मारली, साटाची केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) बदलली, पोर्ट बदलला. पण बायोसमध्ये एसएसडी नावासकट दिसतेय, फक्त बूटच्या यादीत नाही. दिसतेय पण चालत नाही म्हणजे वायरचा दोष नाही, एवढं रात्री साडेअकराला का होईना डोक्यात आलं.   सकाळपासून बदललेलं पण मागे न नेलेलं काय? कार्ड, पण चित्र तर येतंय. मग उरला बायोस.

तर घोळ असा होता. माझं विंडोज २०१९ मध्ये त्याच्याही आधीच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) आणलेलं, म्हणजे डिस्कचे भाग मांडलेले जुन्या एमबीआर पद्धतीने. तशी डिस्क बूट व्हायला बायोसमध्ये सीएसएम नावाची, जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय चालू असावी लागते. माझ्या जुन्या बायोसमध्ये ती चालू होती, नवीन बायोसने अपडेटच्या वेळी सगळी सेटिंग मूळ पदावर नेली आणि त्याच्या मूळ पदात सीएसएम बंद, कारण विंडोज ११ ला यूईएफआय ही बूट व्हायची नवी पद्धत लागते. आणि मी बिचारा सेल काढून काढून परत परत तेच मूळ पद आणत होतो. सीएसएम चालू केलं, सेव्ह, रीस्टार्ट, आणि विंडोजचा तो निळा लोगो. पहिलं काम, सोसायटीची फाइल त्याच पेनड्राइव्हवर आणि शिवाय मोबाइलमध्ये पण. मग झोपलो.

म्हणजे विंडोज न येण्याचा दोष मी स्क्रू काढायच्या आधीच घरात आलेला होता, आणि मी एकाच दमात बायोस, प्रोसेसर, रॅम, कार्ड असं चारही बदलल्यामुळे चोर चौघांच्या गर्दीत लपला. अपडेटनंतर दोन मिनिटं थांबून विंडोज बघितलं असतं तर तिथेच पकडला असता.

रविवारी सकाळी परत ५६०० घातला. यावेळी कूलर आधी पिळून मग काढला, सांगायला नको. रॅम जुनीच ठेवली, ती चालते हे माहीत होतं. बटन दाबलं, डीरॅमची एलईडी लागली, काळं, आणि बंद करायला हात पुढे नेला तर दाराची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बाबांकडे मागच्या तिमाहीची पावती मागायला. बाबा आंघोळीला, म्हणून मीच उभा राहून दोन मिनिटं पाणीपट्टी कशी वाढली ते ऐकलं. परत आलो तर स्क्रीनवर अक्षरं! नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची प्रोसेसरमधली तिजोरी) रीसेट करायचं तर वाय दाबा, नाहीतर एन.

काल तीन तास मी वीस-वीस सेकंदांनी जे मारत होतो ना, ते मशीन मेलेलं नव्हतं, रॅम जुळवत बसलं होतं. नवीन प्रोसेसर दिसला किंवा सेल काढून आठवण पुसली की बोर्ड रॅमचं टायमिंग पहिल्यापासून जमवतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, त्यात एक-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होतो, मिनिट-दीड मिनिट जातं. त्याला तेवढा वेळ द्यायचा असतो. काकूंनी दिला.

एफटीपीएमच्या त्या प्रश्नाला घाईत वाय दाबू नका एवढं सांगतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय) चालू असेल आणि रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली नसेल तर वाय दाबल्यावर डिस्कचं कुलूप उघडायचं नाही. माझं बिटलॉकर बंद होतं, मी दाबला, विंडोज आलं.

मग नव्या रॅम घातल्या तर परत काळं. यावेळी सरळ पाच मिनिटं वाट बघितली, हलेना. पण आता संशयित एकच असल्यामुळे डोकं शांत होतं. टॉर्च मारून बघितलं तर माझ्या बोर्डला रॅमच्या स्लॉटला लॅच (अडकवायची खिटी) एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू नुसती खाचेत बसते, आणि ग्राफिक कार्डाकडची ती बाजू एका रॅमची मिलिमीटरभर वर होती. लॅचकडून 'टक' आवाज आला की आपल्याला वाटतं बसली. अंगठ्याने दोन्ही टोकं दाबली, दुसऱ्या टोकाचा वेगळा 'टक' आला. चालू. १६ जीबी.

बाकीचं पटकन सांगतो कारण त्यात काही मजा नाही. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल असतं, त्याने डेटा न पुसता डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयला चालणाऱ्या नव्या पद्धतीची, होते, आधी व्हॅलिडेट करून बघायचं, डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) असतील तर ते नाही म्हणतं. झाल्यावर सीएसएम बंद, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू, मग विंडोज ११ चा अपग्रेड. फार जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर चित्रच येत नाही, ते आधी तपासा, मित्राचं कार्ड यूईएफआयवालं निघालं म्हणून निभावलं.

चार वाजता बाबांना बसवलं. एक्सेल उघडली, थकबाकीची लिस्ट काढली, प्रिंटर पण पहिल्या फटक्यात चालला. सहा कोअर, बारा थ्रेड, मी मागे उभा. बाबा म्हणाले, "ते स्टार्टचं बटन मधे का गेलंय?"

सेटिंगमध्ये जाऊन टास्कबार डावीकडे करून दिला.