श्वासाचं मीटर

मंगळवार, रात्री पावणेबारा

'लुना: न्यू मून' एकदाची संपली. इयन मॅक्डोनल्डची विज्ञान-कादंबरी, २०१५ची. माणसं इतकी की वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढून ठेवावी लागली.

चंद्रावर पाच घराण्यांचं राज्य: कोर्टा, मॅकेन्झी, सुन, असामोआ, व्होरोन्त्सोव. कोर्टा मंडळी चंद्राच्या मातीतून हेलियम-३ काढतात, त्यावर पृथ्वीवरचे दिवे लागतात. मॅकेन्झींचा धंदा धातूंचा. फौजदारी कायदा नावाची गोष्टच नाही, सगळा कारभार करारांवर. न्यायालयातला वाद चक्क सुऱ्यांनी लढूनही मिटवता येतो. कोर्टांची म्हातारी आद्रियाना थकलेली, आणि थोरला रफा नि त्याच्या पाठचा लुकास यांचं एकमेकांशी पटत नाही. अस्सल भाऊबंदकी. (आमच्या गावी बांधावरून जे चालायचं ते याहून फार वेगळं नव्हतं. गुरुत्वाकर्षण तेवढं सहापट.) कपड्यांची आणि कॉकटेलची वर्णनं फार आहेत, ती मी सरळ ओलांडली.

पण डोक्यात बसली ती मरीना. नोकरीच्या शोधात वणवण करणारी, या पाचातल्या कुणाचीच नाही. चंद्रावर प्रत्येकाच्या डोळ्यात 'चिब' नावाची एक लेन्स बसवलेली असते, तिच्यात चार आकडे कायम दिसतात: हवा, पाणी, कार्बन, डेटा. चारही विकत. पैसे संपत आले की श्वाससुद्धा काटकसरीने घ्यायचा. मरीना स्वतःची लघवी विकते. श्रीमंत कोर्टांच्या डोळ्यातही तेच आकडे, पण त्यांना तिकडे बघायची वेळच येत नाही.

ते प्रकरण वाचताना पुस्तक पालथं घालून जरा उठलो.

एप्रिल २०२१. बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर. ८९, ८८, परत ८९. सिलिंडर भरून आणायला भाऊ पहाटे तीनपासून रांगेत. जाताना रोख किती न्यायची हे सांगणारा माणूसही वेगळा होता. मी बाबांचा हात असा धरायचो की आकडा माझ्याकडे राहील. ते विचारायचे, "किती रे?" मी म्हणायचो, "त्र्याण्णव. झोपा." त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी त्र्याण्णवच सांगितलं. नंतर लक्षात आलं की निदान दुसऱ्यांदा तरी आकडा बदलायला हवा होता.

मरीनाचा आकडा तिच्याच डोळ्यात. तिथे हात फिरवून धरणारं कोणी नाही.

दुसरा भाग, 'वुल्फ मून', मागवायचाय. आत्ता नको.

बाबा आत घोरतायत. मघाशी टीव्हीखालच्या खणात हात घातला तर ऑक्सिमीटर अजून तिथेच होता, रबर बँड गुंडाळलेला. सेल गळलेत.