एका मायक्रोसेकंदाने दिवस खाल्ला
आज अख्खा दिवस एकाच सिम्युलेशनमागे गेला. एनएस-३ मध्ये (नेटवर्क कसं वागेल ते संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) दहा हजार नोडचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या यंत्रांचं नेटवर्क, आतलं घड्याळ एक सेकंद सरकायला बाहेर माझी मिनिटंच्या मिनिटं जातात. म्हटलं प्रोसेसरला आठ कोअर आहेत ना, एमपीआय (एकच काम अनेक कोअरवर वाटून चालवायची सोय) लावून नेटवर्क वाटून टाकू. टाकलं, तर आधीपेक्षाही हळू! दुपारपर्यंत डोकं खाजवत बसलो, शेवटी दिसलं की तुकडे पाडताना मी कापलेली लिंक होती १ मायक्रोसेकंद डिलेची (पॅकेट पलीकडे पोचायला लागणारा वेळ), म्हणजे शेजारच्या तुकड्यातून पॅकेट येईल या धास्तीने प्रत्येक कोअर फक्त तेवढाच पुढे जाणार, मग थांबा, सगळ्यांची वाट बघा, परत एक पाऊल. न थांबता किती पुढे जाता येतं, त्यालाच लुकअहेड म्हणतात, चँडी आणि मिश्र या संगणकशास्त्रज्ञांचा यावरचा पेपर १९७९ चा, मी वाचलाही होता (परीक्षेपुरता). मग तुकडे १० मिलिसेकंदवाल्या लांब लिंकवर पाडले आणि गाडी सुटली एकदाची. तेवढ्यात लक्षात आलं की बिल्ड डीबगचाच आहे (चुका शोधायचा, हळू चालणारा) आणि प्रत्येक लिंकवर पीकॅप, म्हणजे पॅकेटची फाइलमध्ये नोंद, चालू, डिस्क बिचारी रडतेय. हे सकाळीच बघितलं असतं तर... जाऊ दे. रन लावलाय, झोपतो आता.