एक चाक हवेत : थार, जिम्नी, गुरखा – ऑक्टोबरपर्यंतची नोंद

थार, जिम्नी आणि गुरखा या तीन फोर बाय फोर गाड्यांची कच्च्या वाटेवरची तुलना मे महिन्यात सुरू केली तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर फक्त कंपन्यांनी दिलेले आकडे होते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) २२६ मिमी, जिम्नीचा २१०, गुरखाचा २०५. पुढचा चढाईचा कोन (नाक न टेकता किती उभ्या चढाला भिडता येतं तो) थारचा ४१.८ अंश, गुरखाचा ३९, जिम्नीचा ३६. त्या पानावरून मी एक अंदाजही लिहून ठेवला होता : थार पहिली, गुरखा दुसरी, जिम्नी तिसरी. आता सहा महिन्यांनी ते पान उघडलं की वाटतं, ज्या गोष्टीवर सगळं ठरतं तिचा आकडा त्या पानावर नाहीच. गाडीचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं की उरलेली तीन काय करतात, ही ती गोष्ट.

आधी गाड्या सांगतो. थार माझी, २०२१ ची डिझेल मॅन्युअल, मागच्या डिफरन्शियलला (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी यंत्रणा) मेकॅनिकल लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारी कळ, असलेली. जिम्नी वहिनीची, पाच दरवाजांची, मॅन्युअल. गुरखा आमच्या सोसायटीतल्या काकांची, २०२१ नंतरची तीन दरवाजांची, ९० हॉर्सपॉवरची. जागा शिरूरकडची, मामांची. एक जुनी मुरमाची खाण, तिला लागून काळ्या मातीचा पडीक तुकडा, आणि पलीकडे ओढा. सगळं खासगी रान आणि मामांची परवानगी, म्हणून तर हे करता आलं. वनखात्याच्या हद्दीत, सड्यांवर किंवा कोकणातल्या पुळणीवर गाडी घालून हौस भागवणं मला पटत नाही, आणि या नोंदीत ते कुठेच नाही.

मे, खाण

पहिल्या दिवशी खाणीच्या काठाने मार्ग आखत होतो तेव्हा टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून नुसता कालवा केला. मामा म्हणाले, "थांबा रं, हिची अंडी असत्याल हितंच." पाच मिनिटं वाकून बघितल्यावर दिसली. चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची, ना काडी ना गवत, उघड्या खड्यांत ठेवलेली. माझ्या पायापासून दोन हातांवर. चाकाखाली आली असती तर कळलंही नसतं. आम्ही तो सगळा काठ सोडला आणि मार्ग खाणीच्या तळात हलवला. उन्हाळ्यात माळरानावर गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : आधी चालून या.

तळात आम्ही दोन खड्डे खणले, तिरके, एक उजव्या पुढच्या चाकासाठी आणि दुसरा डाव्या मागच्या चाकासाठी. गाडी त्यात उतरली की एका तिरक्या जोडीची चाकं अधांतरी लटकतात आणि सगळा भार दुसऱ्या जोडीवर येतो. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. पुढे एक आणि मागे एक चाक हवेत गेलं की फोर बाय फोर गाडी जागेवर उभी राहून दोन चाकं गरगरवते. या ठिकाणी तिन्ही गाड्यांची उत्तरं तीन वेगळी आहेत, आणि माझ्या मते खरी तुलना इथूनच सुरू होते.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. एक चाक वर ढकललं गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, त्यामुळे खड्ड्यात उतरताना तिची चाकं बाकी दोघींपेक्षा जास्त वेळ जमिनीला चिकटून राहिली. पण शेवटी उचललीच. जिम्नीत लॉकर नाही. जे चाक मोकळं फिरतं त्याला गाडी स्वतःच ब्रेक लावून धरते आणि जोर पलीकडच्या चाकाकडे वळतो. ते होताना खालून कर्रर्र असा आवाज येतो. वहिनीने पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि काहीतरी तुटलं असं वाटून पाय उचलला. गाडी मागे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, "वहिनी, आवाज होऊ द्या, पाय हलवू नका." तिने ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवला, चाक दोनदा फिरलं, थांबलं, कर्रर्र झालं, आणि गाडी सावकाश वर आली. तिथे मला जे कळलं ते असं : जिम्नी चालकाकडून धीर मागते. चाक फिरताना दिसलं की पाय काढावासा वाटतो, आणि नेमका त्याच क्षणी तिला जोर हवा असतो.

थारचा लॉकर आपोआप लागतो. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली यंत्रणा दोन्ही चाकं एकत्र बांधते. म्हणजे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं. ते फिरतं, मग खट् असा एक ठोका सीटमधून पाठीत जाणवतो, आणि गाडी पुढे झेपावते. ती झेप मोकळ्या मुरमावर मला त्रासाची वाटली. खड्ड्याच्या कडेवर गाडी हळू बसवायची असते, आणि नेमकी तिथेच ती उडी घेते. हाफ क्लचवर न जाता पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये (वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जोडी), पाय अगदी थोडा दाबून हे बऱ्यापैकी गुळगुळीत करता येतं. मला सात-आठ प्रयत्न लागले.

गुरखात लॉकर हाताने लावायचे, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. काकांनी खड्ड्याच्या अलीकडे गाडी थांबवली, मागच्या लॉकरचा दांडा ओढला आणि पुढे आले. चाक फिरलं नाही, आवाज नाही, धक्का नाही. उजवं पुढचं चाक वीतभर हवेत, तसंच, आणि गाडी चालतच होती. नंतर त्यांनी पुढचा लॉकरही लावून दाखवला. तेव्हा स्टिअरिंग इतकं जड झालं की वळवायचा विचारच नको, फक्त नाकासमोर चालवायची. २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), तोही १४०० आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), म्हणून पाय न लावता ती नुसत्या इंजिनावर रांगत होती. जिम्नीला तिचा १३४ न्यूटन-मीटर ४००० आरपीएमला मिळतो, तेव्हा तिला तेच काम करायला इंजिन ओरडवावं लागतं.

दगड आणि खड्डे एवढंच जर बघायचं असेल, तर गुरखा. यावर आमच्यात वाद झाला नाही.

बांध

त्याच दिवशी संध्याकाळी शेताच्या जुन्या बांधावरून तिन्ही गाड्या सरळ पलीकडे काढल्या. इथे पोटाचा कोन, म्हणजे पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो तो, महत्त्वाचा. गुरखाचा २८ अंश, थारचा २७, जिम्नीचा २४. जिम्नी छोटी दिसते, पण पाच दरवाजांमुळे तिच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २५९० मिमी आहे, थारचं २४५० आणि गुरखाचं २४००. गुरखा अलगद गेली, थार जेमतेम, जिम्नीचं पोट मातीला टेकलं. यावर जुना उपाय बांध तिरका ओलांडायचा. वहिनीने तो केला. पोट सुटलं, पण तिरकं गेल्यामुळे पुन्हा एक चाक हवेत, पुन्हा कर्रर्र. आता मात्र तिने पाय हलवला नाही.

पाच दरवाजांची थार रॉक्स का नाही, असं बरेच जण विचारतात. तिच्या ॲक्सलमधलं अंतर २८५० मिमी आहे, पण मागचा लॉकर बटणावर आहे. त्यामुळे बांधावर त्रास आणि खड्ड्यात सुख असा माझा अंदाज. कोणी घेऊन आलं तर करून बघू. नुसत्या कागदावरून मी आता काही लिहिणार नाही.

जुलै, काळी माती

या दिवसाने माझा अंदाज पार उलटवला.

चार दिवस पाऊस झाला होता. मामांनी खुरप्याने उकरून दाखवलं : वरची वीतभर माती ओली, चिकट, आणि खाली अजून टणक. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि निघत नाही. दोन फेऱ्यांत चाक गुळगुळीत होतं, त्यावर कुठली नक्षी होती हे ओळखू येत नाही. मी थार घातली, रस्त्यावरच्या हवेनिशी, कारण हवा कमी केली की पुन्हा भरायला कॉम्प्रेसर काढावा लागतो, त्याचा कंटाळा केला. पंचवीस-तीस पावलं गेलो आणि रुतलो. लॉकर लागला, ठोका जाणवला, आणि मागची दोन्ही चाकं अगदी इमानदारीने एकसारखी फिरत खाली खाली जात राहिली. लॉकर दोन चाकांत जोर वाटून देतो. पकड जर दोघांनाही नसेल तर वाटायला काही उरतच नाही. हे मला पुस्तकी माहीत होतं, त्या दिवशी घोट्यापर्यंत चिखलात उभं राहून समजलं.

काकांनी टणक कडेवर गुरखा उभी करून कायनेटिक दोराने (ताणून झटका देणारा ओढायचा दोर) मला बाहेर काढलं. बाकी सगळ्यांना वीस पावलं लांब उभं केलं होतं. दोर तुटला किंवा हुक निसटला तर तो माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून गाडीच्या रिकव्हरी पॉइंटशिवाय (ओढण्यासाठीच चेसिसवर दिलेली मजबूत जागा) आम्ही दोर कुठेच बांधत नाही.

मग वहिनी गेली. टायरमधली हवा १८ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणलेली, लो रेंज, दुसरा गिअर, वेग एकसारखा. जिम्नीचं वजन १२०० किलोच्या आसपास, बाकी दोघी त्याहून कितीतरी जड. टायर १९५ मिमी रुंदीचे, माझे २५५. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचला आणि गाडी तुकडा पार करून गेली. मागे वळून ती पुन्हा आली. मामा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "ही बारकी शेळीवानी हाय. हलकी, म्हणून जात्या." मी हे वाक्य वहीत तसंच लिहिलंय.

एक सावधगिरी मात्र नोंदवतो. खालचा थर टणक होता म्हणून अरुंद टायर जिंकला. ऑगस्टअखेर, जेव्हा माती खोलवर भिजलेली असते, तेव्हा तोच टायर कापत कापत तळ शोधत राहील. तेव्हा रुंद टायर, कमी हवा आणि वर तरंगून जाणं बरं पडेल असं मला वाटतं. ती चाचणी पुढच्या पावसाळ्यात.

नंतर हवा कमी करून थारही पार झाली. दोन्ही वेळा गाडी तीच, लॉकर तोच. टायरमधली हवा तेवढी बदलली होती.

आडव्या उतारावर मात्र गुरखाने काकांना घाबरवलं. मागचा लॉकर लावलेला राहिला होता. लॉक केलेली दोन्ही चाकं एकदम घसरली आणि शेपूट खालच्या बाजूला सरकायला लागलं. लॉकर काढल्यावर वरचं चाक धरून राहिलं आणि गाडी सरळ आली. म्हणजे खड्ड्यात तारणारी गोष्ट ओल्या आडव्या उतारावर काढून ठेवायची. हाताने लावायच्या लॉकरचा मोठेपणा मला इथे जास्त जाणवला : तो नको तेव्हा नसतो.

ऑक्टोबर, गाडीवाट आणि ओढा

ओढ्याबद्दल थोडक्यात. मामा काठी घेऊन आधी चालून आले, पाणी त्यांच्या गुडघ्याच्या खाली होतं. थारला ६५० मिमी आणि गुरखाला ७०० मिमी पाण्याची मुभा आहे, गुरखाला स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कंपनीकडूनच येतं. त्या पाण्यात तिन्ही गाड्यांना काही झालं नाही, म्हणून त्यातून तुलनाही निघाली नाही. जिथे पायी उतरता येत नाही तिथे गाडी घालायची नाही, एवढा आमचा नियम.

जुनी बैलगाडीची वाट जास्त शिकवून गेली. दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, थारची १८२०. वहिनी आरसे न मिटता गेली. मी दोन्ही दारांवर ओरखडे घेऊन बाहेर आलो, शिवाय हवा कमी केल्यामुळे फुगलेल्या टायरच्या कुशीत बाभळीचा काटा घुसला. अंगठ्याच्या पेराएवढा, पांढरा, मुळाशी मोडलेला. कुशीतलं पंक्चर पट्टीने भरून चालत नाही, टायर बदलावा लागला. बाभळीच्या रानात हवा किती कमी करायची याचा मी आता नव्याने विचार करतोय. २२ पीएसआयच्या खाली तिथे जाणार नाही.

परतीच्या तीव्र उतारावर थार आणि गुरखा लो रेंजच्या पहिल्या गिअरला ब्रेकशिवाय उतरल्या. थारचं लो रेंजचं प्रमाण २.४८, जिम्नीचं २. तिला उतारावर वेग येतो, तेव्हा हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारी सोय) लावूनच उतरवली. आणि डांबरी रस्ता लागताच तिघांनीही फोर बाय फोर काढून टू एचवर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, घेतलं. यांपैकी एकीलाही मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर देणारी पेटी) जातो. नवे लोक ही चूक फार करतात.

आता क्रम विचाराल तर खडकाळ खड्ड्यांत गुरखा, थार, जिम्नी. ओल्या मातीत आणि अरुंद वाटेवर जिम्नी, मग बाकी दोघी हवेच्या हिशेबाने. पुण्याहून शिरूर गाठून, दिवसभर हे करून रात्री घरी यायचं असेल तर मी माझी थारच नेईन, महामार्गावर ती मला सर्वांत कमी दमवते. पण तिन्हींचे टायर वेगळे असताना लावलेला हा क्रम मला अर्धाच वाटतो. जानेवारीत तिन्ही गाड्यांना एकाच नक्षीचे ए/टी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घालायचे ठरलेत, आपापल्या मापाचे. मग तेच दोन खड्डे, तोच बांध.

काळ्या मातीचा तुकडा मात्र आता मिळणार नाही. मामांनी तिथे हरभरा पेरलाय.