झेंडूची भिंत

"हा रंग मी पसंत केलेला नाही," असं म्हणून बाई हॉलच्या दारातच थांबल्या.

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाउसमध्ये हॉलची मोठी भिंत, १४ फूट लांब आणि १० फूट उंच, आदल्या संध्याकाळी माझ्या हाताखालच्या रंगारी पोरांनी शेवटचा हात मारून वाळत सोडली होती. रंग केशरी, आणि तो बाईंनीच निवडलेला. श्रावणात माझ्यासमोर बसून त्यांनी शेड कार्डावर बोट ठेवलं होतं. कोड मी डायरीत लिहिला होता, खाली त्यांची सहीही घेतली होती. ही माझी जुनी सवय. रंगावरून होणारा वाद हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कडू वाद असतो आणि तो टाळण्यासाठी सही लागते.

मी गेली २२ वर्षं नाशकात रंगकामाचे ठेके घेतो. लोकांना ऑफ-व्हाइट हवा असतो, क्रीम हवा असतो, हल्ली ग्रे. केशरी मागणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं भेटतं. ते भेटलं की मला आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. या रंगाला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी, अबोली, विटकरी, गेरवा. यातली बहुतेक नावं कुठल्या ना कुठल्या वस्तूवरून आलेली. केशर, शेंदूर, नारिंग, अबोलीचं फूल, वीट, गेरू. म्हणून 'कोणता केशरी?' असं मी विचारत नाही, 'कशासारखा?' असं विचारतो.

बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं होतं, "झेंडूसारखा."

मग पुढचा अर्धा तास त्या पंचवटीतल्या वाड्याबद्दल बोलल्या. लहानपणी दसऱ्याच्या पहाटे शहाबादी फरशीवर झेंडूचा ढीग ओतलेला असायचा, आई सुईदोरा घेऊन बसायची, आणि कंदील मालवल्यावर उजाडताना तो ढीग हळूहळू पेटल्यासारखा दिसायला लागायचा. वाडा आता नाही. बाईंनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मिस्टर गेल्यावर या घरात त्या एकट्याच राहतात. "इतकी वर्षं भिंती क्रीमच होत्या रे. आता एक भिंत माझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

मुलगा पुण्याला. त्याचा फोन आला, "काका, आईला समजवा ना. ग्रे करून टाकू, उद्या घर विकायचं झालं तर बरं पडेल." मी समजावलं नाही. भिंतीसमोर ज्याला रोज बसायचंय, रंगही त्यानेच ठरवावा, यावर मी ठाम आहे.

आता बाई दारात उभ्या होत्या आणि भिंतीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला होता. "हा शेंदूर आहे. मारुतीला फासतात तो. मी असला भडक रंग सांगेन का?"

मी आधी डबा बघितला. झाकणावरचा स्टिकर, कोड, बेस, सगळं बरोबर. डायरी उघडली, तोच आकडा. दुकानदाराला फोन केला, त्याने रंग मिसळायच्या मशीनवरची नोंद वाचून दाखवली. तीही जुळत होती. तरी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. कार्डावर रंग इंचभर असतो. भिंतभर झाला की तो दुप्पट गडद वाटतो, शिवाय समोरच्या भिंतीवर, छतावर त्याची झाक पडते आणि खोली आणखी तापते. म्हणून केशरीत मी नेहमी एक पायरी फिकी शेड सुचवतो. इथे बाईंनी स्वतःच इतक्या ठामपणे बोट ठेवलं होतं की मी बोललो नाही. दोन बाय दोनचा पॅच मारून दाखवायलाही हवा होता. पण त्या आठवड्यात बाई पंचवटीला बहिणीकडे राहत होत्या.

बहिणीकडे त्या का गेल्या होत्या, ते मला आत्ता आठवलं. गणपती उठल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. धूळ चालणार नव्हती, म्हणून घासकाम, पुट्टी, प्रायमर सगळं त्या नसताना उरकायचं ठरलं होतं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

त्यांच्या डोळ्यांवर अजून तो काळा चष्मा होता. मी म्हटलं, "बाई, खिडकी लावतो, जरा चष्मा काढून बघा."

त्यांनी चष्मा काढला. "आता तर जास्तच भडक दिसतोय." मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला. थोडा वेळ गप्प राहिल्या. हात डाव्या डोळ्यावर नेला. परत उजव्यावर. शाळेत फळ्यावरची चूक सापडल्यावर बाई जशा थांबत असतील तशा थांबल्या.

"अरे, हा बघ. या डोळ्याला तो मी निवडलेलाच रंग आहे. आणि या डोळ्याला शेंदूर आहे."

मी बाजूच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे नुसतं पांढरं प्रायमर होतं. "आणि ही?"

"डाव्याला हळद घातलेल्या दुधासारखी. उजव्याला..." त्यांनी पुन्हा हात बदलला, "उजव्याला धुतलेल्या धोतरासारखी. नीळ दिलेल्या."

मी तिथेच घोडीच्या पायरीवर बसलो. इतक्या वर्षांत मी ट्यूबलाइटवर भांडलोय, कंपनीवर भांडलोय, दुकानदारावर भांडलोय. एकाच माणसाचे दोन डोळे एकाच भिंतीचे दोन रंग सांगतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी बाईंची तपासणी होती, तिथे त्यांनी डॉक्टरांना विचारलं आणि संध्याकाळी मला फोनवर नीट समजावून सांगितलं, अगदी तासाला शिकवल्यासारखं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट, मग तपकिरी होत जातं. निळा-जांभळा प्रकाश ते अडवतं, आत जाणारा एकूण प्रकाशही कमी करतं. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. मेंदू त्याच्याशी जुळवून घेत राहतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि रंग एकदम उजळतात. एकच डोळा झालेला असला की दोन्हीतला फरक समोरासमोर दिसतो.

म्हणजे श्रावणात काय झालं होतं ते माझ्या लक्षात आलं. बाईंच्या मनातला झेंडू दहा वर्षांच्या मुलीने बघितलेला, लख्ख. समोरचं कार्ड मात्र त्या तपकिरी भिंगातून बघत होत्या. कार्डावरचा खरा झेंडू त्यांना मळकट, विटकरी वाटला. म्हणून त्या पुढे सरकत गेल्या आणि जिथे भडक शेंदरीपाशी पोचल्या तिथे म्हणाल्या, हाच. त्यांचं काही चुकलं नव्हतं, माझंही नाही. मी फक्त त्यांना आठवणीवरून निवडू दिलं होतं.

मी म्हटलं, "बाई, दुसरा डोळा होईपर्यंत थांबू या. तोवर पांढरा हात मारून ठेवतो."

"दसरा थांबणार आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या.

रात्रभर मी विचार करत होतो, रंग कुठल्या डोळ्यासाठी द्यायचा? पहाटे फुलबाजारात गेलो आणि अर्धा किलो नारिंगी झेंडू घेऊन आलो. फूल दोन्ही डोळ्यांना वेगळं दिसेल हे खरं. पण भिंतही वेगळीच दिसेल. दोघांवर पडदा एकच. मग भिंत फुलाशी जुळली की ती डाव्या डोळ्यानेही जुळायला हवी आणि उजव्यानेही.

आम्ही ओट्यावर एका पांढऱ्या कागदावर पाकळ्या सोडून ठेवल्या. झेंडूही एका रंगाचा नसतो, हे त्या दिवशी जवळून बघितलं. देठाकडे पाकळी गर्द, जवळजवळ तांबडी. मधे केशरी. कडेला पिवळी, आणि त्या कडेला दातरी. बाईंनी मधल्या भागावर नख ठेवलं, "हा. ढिगात हाच दिसतो." उन्हं वर आली की पाकळ्या मलूल होऊन काळवंडतात, म्हणून घाई करावी लागली. दुकानात पाकळ्या नेल्या, तिथे कार्डाची तीन पानं चाळली, तीन शेड काढल्या आणि एकेक लिटरचे डबे मशीनवर बनवून घेतले. लाल कमी, पिवळा थोडा जास्त.

भिंतीवर तीन पॅच मारले, वाळू दिले. ओल्या रंगावरून कधी ठरवू नये, वाळल्यावर तो बदलतो. मग बाईंनी फूल भिंतीला टेकवलं आणि एक डोळा झाकला. पहिल्या पॅचवर फूल उठून दिसत होतं. दुसऱ्यावर ते भिंतीत विरघळलं. हात बदलला. पुन्हा विरघळलं. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या ट्यूबखाली परत बघितलं, कारण दिवसा जुळलेले दोन रंग दिव्याखाली वेगळे पडू शकतात. ट्यूबखाली किंचित फरक पडला, पण बाईंना चालला. हॉलमध्ये मी पिवळसर दिवेच लावायला सांगितले. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली केशरी भिंत मरगळते.

मग कामाला लागलो. केशरी रंगद्रव्यं सहसा खालचं झाकत नाहीत. थेट पांढऱ्यावर मारलं तर चार हातांनंतरही रोलरचे पट्टे दिसतात. इथे तर खाली भडक शेंदरी होता. आधी पीच रंगाचा अस्तर हात मारला, त्यावर तीन हात. समोरच्या तिन्ही भिंती पांढऱ्याच ठेवल्या. त्यांच्यावर संध्याकाळी जी अबोली झाक पडते तिच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. बाईंकडे भांडी बाजारातून घेतलेली जुनी तांब्या-पितळेची घागर आणि तपेली होती, माळ्यावर पडलेली. ती चिंचेने घासून भिंतीपुढच्या शेल्फवर मांडली. खाली फरशी शहाबादी, निळसर करडी. त्या करड्यामुळेच ही भिंत डोळ्यावर येत नाही. ग्रे हवा होता ना मुलाला, तो जमिनीवर होताच.

पुढचं दार मात्र मी हट्टाने वेगळ्या पद्धतीने केलं. त्याला जुना शेंदरी ऑइलपेंट होता, पोपडे आलेला. पोरं कोरडा पॉलिश पेपर घेऊन बसणार तेवढ्यात मी थांबवलं. जुन्या पिवळ्या-केशरी ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगं असायची, लेड क्रोमेट वगैरे. पारंपरिक शेंदूरसुद्धा शिशाचाच. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत हवं, हा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधी मारलेल्या रंगात किती असेल कोणी सांगावं. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते आणि दिवाळीला बाईंची नात येणार होती. पाणी मारून ओलंच घासलं, मास्क लावले, चिखल पिशवीत बांधून बाजूला काढला. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही त्या धुळीतच डबा उघडून जेवायचो. आता माझ्या हाताखालच्या एकालाही मी तसं बसू देत नाही.

तुळशी वृंदावनालाही हाच केशरी द्या, असं बाई म्हणत होत्या. त्याला मी नाही म्हटलं. दिवसभर उन्हात हा केशरी काही वर्षांत उडतो. गेरू ही लोहाची माती आहे, उन्हाला ती दाद देत नाही. वृंदावनाला गेरूच दिला, वर चुन्याची पांढरी नक्षी.

दसऱ्याला मी सहकुटुंब सोनं द्यायला गेलो. बाईंनी झेंडूचं तोरण दाराला लावलं होतं आणि उरलेली फुलं ताटात ओतून भिंतीपुढच्या शेल्फवर ठेवली होती. मुलगा आला होता. तो भिंतीपुढे उभा राहून बराच वेळ काही बोलला नाही, मग आईला म्हणाला, "आजीच्या वाड्याचा फोटो आहे का गं?"

तुळशीचं लग्न झाल्यावर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांनी बाईंचा फोन. माझ्या पोटात गोळा आला.

"भिंत तशीच आहे हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना. काल सकाळी उठून आधी तेच बघितलं. पण आता वृंदावनावरचा चुना फार मळलेला दिसतोय. रविवारी येऊन एक हात मारून जाशील का?"

रविवारी चुना भिजवून घेऊन गेलो.