तुम्ही विचारलंत म्हणून : पी. टी. उषा तर चौथीच आली ना?

शाळेच्या मैदानावर ॲथलेटिक्स शिकवणाऱ्या बाईला पालक दोन गोष्टी हमखास विचारतात. उंची वाढायला मुलीला काय खायला घालायचं, ही एक. दुसरी, मी पी. टी. उषाचं नाव काढलं की येते : "मॅडम, पण तिला ऑलिम्पिकचं पदक कुठे मिळालं? चौथीच आली ना ती?" मुलीला मैदानावर पाठवायचं की क्लासला, हा हिशोब त्या प्रश्नामागे असतो, ते मला समजतं. मैदानावर शिट्टी तोंडात धरून एवढं लांबण लावता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर सांगते.

हो, चौथी आली. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस, महिलांची ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी, रुमानियाची क्रिस्टिआना कोजोकारू ५५.४१ मध्ये तिसरी आणि उषा ५५.४२. त्या वेगाने पळताना सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. सोव्हिएत गटातल्या बहुतेक देशांनी त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. त्यांचं न ऐकता जे थोडे देश गेले, त्यांत रुमानिया होता. उषाचं पदक गेलं ते नेमकं रुमानियाच्या मुलीकडे.

लोकांना गोष्ट इथवर माहीत असते. मग "नशीब" म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते नशीब पटत नाही, कारण ही शर्यत काय असते ते मी रोज मुलींना शिकवते. पहिला अडथळा ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक असे दहा, आणि शेवटचा ओलांडल्यावर रेषेपर्यंत ४० मीटर. अडथळ्याची उंची अडीच फूट. उडी मारणं त्यात फारसं अवघड नाही. अवघड आहे ते मधलं अंतर मोजक्या पावलांत बसवणं. थकवा आला की पाऊल आखडतं, एखादं जास्त पडतं, भलताच पाय पुढे येतो आणि तिथे वेग मोडतो. हे गणित फक्कीच्या रेषांवर सराव करून अर्धंच येतं. उरलेलं शर्यती पळून पळून अंगात मुरावं लागतं.

उषा मुळात १०० आणि २०० मीटरची. सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिम्पिकला गेली तीही छोट्या अंतरासाठीच. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० अशी दोन रौप्यं मिळाली. महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिम्पिकमध्ये आली तीच मुळी १९८४ ला, पहिल्यांदा. तिचे गुरू ओ. एम. नंबियार, हवाई दलातून आलेला माणूस, यांनी ओळखलं की निव्वळ वेगाच्या शर्यतीत जगापुढे टिकणं कठीण आहे, पण ही नवी शर्यत अजून कुणाच्याच मालकीची नाही. म्हणून हर्डल्स. हातात वेळ थोडा आणि गाठीला शर्यती मोजक्या. तेवढ्यावर ही वीस वर्षांची मुलगी ऑलिम्पिकची उपांत्य शर्यत जिंकली, तीही त्याच ज्युडी ब्राउनला मागे टाकून. पालकांना मी हे सांगते तेव्हा ते "अच्छा" म्हणतात आणि परत शंभराव्या भागावर येतात!

अंतिम शर्यतीत काय झालं ते उषाने स्वतः मुलाखतींतून सांगितलंय. पहिल्यांदा बंदूक वाजली तेव्हा ती झकास सुटली होती. पण दुसऱ्या एका स्पर्धकाचा फाउल स्टार्ट झाला, म्हणजे ती बंदुकीआधीच सुटली, सगळ्यांना परत बोलावलं आणि दुसऱ्या वेळी तसं सुटता आलं नाही. खाण्याचंही तिनेच सांगितलंय. तिथलं जेवण घशाखाली उतरेना, म्हणून भाताची पेज आणि लोणचं यांवर तिने दिवस काढले, आणि शेवटच्या ३५ मीटरमध्ये अंगात जोर उरला नाही. उंचीसाठी काय खायला द्यावं विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. देशातल्या सर्वांत वेगवान मुलीने परदेशात काय खायचं, याचा विचार करणारं तेव्हा कुणी नव्हतं. ते सात सेंटिमीटर मला तिथे सांडलेले दिसतात, उषाच्या पायांत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. १९८४ ला ती जेमतेम वीस वर्षांची होती आणि आपण तिची गोष्ट तिथेच संपवतो. पुढचं वर्ष बघा. १९८५, जकार्ता, आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा. १०० मीटरचं सुवर्ण ११.६४ सेकंदांत. २०० चं सुवर्ण. ४०० चं सुवर्ण. ४०० हर्डल्सचं सुवर्ण. ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण. शिवाय ४ बाय १०० रिलेत कांस्य. प्राथमिक फेऱ्या धरून त्या काही दिवसांत ती किती वेळा स्टार्टिंग ब्लॉकवर बसली असेल, बघा विचार करून. आमच्या जिल्हास्तरावर एखादी मुलगी एका दिवसात दोन शर्यती पळाली तरी आई पाण्याची बाटली घेऊन "पुरे आता" म्हणत माझ्यामागे फिरते. १०० मीटरचा स्फोट आणि ४०० हर्डल्सचा दम एकाच शरीरात नांदणं दुर्मीळच. एकाच स्पर्धेत दोन्हींचं सुवर्ण घेणारी दुसरी कुणी चटकन आठवते का?

१९८६ च्या सोल एशियाडमध्ये भारताला एकूण पाच सुवर्णं मिळाली. एक कुस्तीत कर्तारसिंगचं. उरलेली चार उषाची : २०० मीटर, ४०० मीटर, ४०० हर्डल्स आणि रिले. रिलेत तिच्यासोबत शायनी अब्राहम, एम. डी. वल्सम्मा आणि वंदना राव होत्या, हे नेहमी गळतं म्हणून मुद्दाम लिहिते. १०० मीटरमध्ये मात्र फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगाने तिला हरवलं. दिल्लीतही तिनेच हरवलं होतं. घराघरांत पळणाऱ्या पोरीला "स्वतःला पी. टी. उषा समजतेस का?" विचारायला लागले ते याच सुमाराला. मीही ऐकलंय, आजीकडून, अंगणात.

सोल ऑलिम्पिकला, १९८८ मध्ये, टाच दुखावलेली. पहिल्याच फेरीत बाहेर. टीका भरपूर झाली. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत तिने चार सुवर्णं काढली. नंतर लग्न, मूल, आणि १९९८ मध्ये फुकुओकाला वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुन्हा आशियाई पदकं. या सगळ्यावर "चौथी आली" हे दोन शब्द कसे पुरतात, मला कळत नाही.

आता थोडं अप्रिय. तिचं सगळंच मला आवडतं असं नाही. २०२२ च्या डिसेंबरात ती भारतीय ऑलिम्पिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. काही महिन्यांनी महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरण्याला बसल्या तेव्हा, यामुळे देशाची प्रतिमा मलिन होते असं ती म्हणाली. नंतर जाऊन त्यांना भेटली, तरी ते वाक्य मला लागलं. पेज खाऊन ऑलिम्पिक पळलेल्या बाईला मुलींच्या तक्रारीचं वजन आधी कळायला हवं होतं. माझ्या मैदानावरच्या मोठ्या मुलींनी हे विचारलं तर मी झाकून ठेवत नाही. पण त्यामुळे जकार्ताची पदकं हलकी होत नाहीत, आणि केरळात बाळुसेरीजवळ किनालूरला तिने उभी केलेली ॲथलेटिक्सची शाळाही. ८०० मीटर पळणारी टिंटू लुका तिथूनच आली.

राहिला पालकांचा हिशोब : पदक नाही तर उपयोग काय? आपल्या साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी भारताने उषानंतर तेव्हाच गाठली, ३२ वर्षांनी. आणि ते ५५.४२? आपल्या देशात त्या वेळेची बरोबरी व्हायला २०२३ चं हांगझोऊ एशियाड उजाडावं लागलं. तमिळनाडूच्या विथ्या रामराजने तिथल्या प्राथमिक फेरीत बरोबर ५५.४२ दिले. मधल्या ३९ वर्षांत सिंथेटिक ट्रॅक आले, परदेशी प्रशिक्षक आले, आहारतज्ज्ञ आले.

मुलीला पाठवायचं असेल तर सकाळी सहाला पाठवा. उपाशी पोटी नको.