तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्मनं काय बदललं?

कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात असो की गडहिंग्लजला, फिल्म संपून दिवे लागले की कुणीतरी विचारतंच, "ताई, डॉक्युमेंटरी छान झालीय, पण त्यानं बदललं काय?"

डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनचं बौद्धिक अपंगत्व, असलेल्या मुलांच्या घरांवर मी फिल्म करते, त्यामुळं हिशोब मागणं रास्तच आहे. एका ठिकाणी मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्याकडं सोय न्हाई." तिथंच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ वाचून दाखवलं. सरकारमान्य शाळेनं अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. जूनमध्ये एका मुलीचं नाव त्या शाळेच्या पटावर आलं. कायदा आधीपासून होताच. पण भरल्या सभागृहात 'सोय नाही' म्हणणं जड जातं, आणि सभागृह फिल्ममुळं भरलं होतं. पोराला शाळेत धाडलं नाही तर पालकांना महिना एक रुपया दंड, हा नियम याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली केला. आज पालक दाखला घेऊन दारात उभे असतात आणि शाळाच नाही म्हणते. याची चीड मला येते, आणि यायलाच हवी.

तरी तुमचा प्रश्न झोंबतो, तो मंगळवार पेठेतल्या एका घरामुळं. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्या दिवसापुरतं धाकट्याला इचलकरंजीला मामाकडं पाठवायचं ठरलं होतं. मी शूटिंग करत होते. एकोणीस वर्षांचा मुलगा खाटेवर बॅग ठेवून नवा चौकड्याचा शर्ट घडी करत होता. जमेना, म्हणून परत उलगडत होता. पाहुण्यांसाठी पोहे त्याच्यासमोरच भिजत घातले होते. वडील आत आले, म्हणाले, "बंद करा ते." मी बंद केलं.

फिल्म मी आधी त्या-त्या घरात दाखवते. टीव्हीवर बॅगेचा शॉट आला तशी आजी म्हणाली, "असं किती येळा धाडलं रं त्याला?" कुणी उत्तर दिलं नाही. फिल्म संपल्यावर वडील म्हणाले, "ताई, तेवढं काढा. पोरीचं लग्न ठरायचंय." मुलगी म्हणाली, "राहू दे. ज्याला चालत नाही तो मला नकोच." दोघांचा आवाज चढला. मी शॉट काढला.

फिल्म करायला लागले तेव्हा मी कधीच काढला नसता. खरं आहे ते दाखवायचं, घरच्यांना काय वाटतं ते नंतर, अशी माझी तेव्हाची ठाम भूमिका. त्या भूमिकेशी मी आजही भांडते. स्थळं येणार त्या घरात, माझ्याकडं नाही. पाहुणे परत गेले तर तोंड त्या पोरीला द्यावं लागणार. पण हेही खरं, की तुम्ही बघता त्या फिल्ममध्ये शाळा आहे, कायदा आहे, आईची धावपळ आहे. घरातलं माणूस घरातूनच कसं बाहेर ठेवलं जातं, ते नाही. काय बदललं म्हणून विचारता, आणि ज्यानं चार घरं हलली असती तेच मी तुम्हाला दाखवलेलं नाही.

मुलगी अजून फोन करते, "टाका की ताई." वडील म्हणतात, "जरा थांबा." त्या मुलालाही मी विचारलं. त्याला तो शॉट हवाय, त्यात नवा शर्ट दिसतो म्हणून. याला संमती म्हणायची का, यावर आमच्या एडिटरचं आणि माझं अजून जमलेलं नाही.