पाय दाव

वारीत कुणीही कुणाच्याही पाया पडतं. आमचे आबाही पडायचे, पण वाकल्यावर त्यांची नजर समोरच्याच्या पायांवरच खिळायची. फोड आलाय का, टाचेला भेगा आहेत का, बोटांच्या बेचक्यात कुजलंय का. समोरचा ‘माऊली माऊली’ म्हणत उलट नमस्काराला वाकेपर्यंत आबांचा हुकूम सुटलेला असायचा, "बस खाली. पाय दाव."

सवय पलटणीतली. आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे 1768 सालापासूनच्या जंगी पलटणीत होते. लांबच्या मार्चनंतर तिथं जवानांना बूट काढायला लावून पाय तपासतात, त्याला सगळे फूट इन्स्पेक्शन म्हणतात. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत होती. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला तिथल्या पाकिस्तानी कर्नलनं कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडलं, हे आम्ही नातवंडांनी वाचून जाणलं. आबांना खोदून विचारलं की ते ओल्या मोज्यांबद्दल सांगत. मोजे वाळवायला जागा नव्हती म्हणून पोटाशी धरून झोपायचे, एवढंच. त्या लढाईचं त्यांचं ‘पूर्वी स्टार’ पदक माजघरातल्या पत्र्याच्या डब्यात होतं, रेशनकार्ड आणि बियाण्यांच्या पावत्यांच्या खाली.

सातारा तालुक्यात फौजी आजोबा असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही म्हणा. आमच्या तालुक्यातल्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात 46 जण कामी आले आणि गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. आबांचं वेगळेपण एवढंच, की पेन्शनीत आल्यावर त्यांनी माळ घातली आणि कँटीनमधली रम आणणं बंद केलं. स्वतः प्यायची नाही, तर दुसऱ्यासाठी आणायची कशाला? पाहुण्यांचं येणं त्यामुळं फार घटलं. आबा म्हणायचे, "माळ मी घातली, सुधारली भावकी."

आबा मागच्या माघात गेले. यंदा त्यांच्या दिंडीत मी लोणंदपासून चालले, सोबत धाकटा काका. लोणंद सोडलं की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण लागतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे, मधून आधी पताकेचा स्वार दौडत येतो, मागून माऊलींचा मोकळा अश्व. तो गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. त्या झुंबडीत काकानं माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला होता. हेही आबांचंच. गर्दीत हात सुटतो, बंद सुटत नाही म्हणायचे.

आबांना वारी इतकी का मानवली, ते तरडगावच्या तळावर ध्यानात आलं. पालखी पोचली, दिंड्या गोल उभ्या राहिल्या, शेकडो टाळ वाजत होते. चोपदारांनी दंड वर केला आणि क्षणात सगळं थांबलं. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. तक्रार असेल त्यांनी टाळ थांबवायचे नाहीत, ही रीत. चोपदार त्यांच्याकडे गेले, गाऱ्हाणं ऐकलं, मग ते टाळ थांबले. नंतर हरवल्या-सापडल्याची पुकारणी आणि आरती. पलटणीतही दरबार भरतो, जवान उभा राहून साहेबासमोर अडचण मांडू शकतो. आणि या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आपल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीतून आलेले. आबा त्यांचा उल्लेख ‘आमचे सीनियर’ असा करायचे.

तरडगावचीच एक गोष्ट आई सांगते. लग्नानंतरची तिची पहिली वारी. संध्याकाळी आबा मिठाचं कोमट पाणी, सुई-दोरा आणि खोबरेल घेऊन राहुटीत आले. "सूनबाई, पाय दावा." आईनं पाय लुगड्यात ओढून घेतले. आजी कडाडली, सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा? आबा म्हणाले, "हितं ती सून न्हाई, माऊली हाय. आन माऊलीच्या टाचंला फोड आलाय." फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवला, म्हणजे पाणी निथळत राहतं. आई म्हणते, त्या दिवसापासून सासरची भीती गेली.

काकाची भीती जायला मात्र फार काळ लागला. भरतीत डॉक्टरांनी सपाट तळवे म्हणून त्याला बाहेर काढलं होतं. आबांनी त्याला कधी दोष दिला नाही असं घरात आता सांगतात. ते खरं नाही. कित्येक वर्षं ते त्याच्याशी थेट बोलत नसत. ताटावर बसून आजीला सांगायचे, "त्याला विचार, विहिरीवरची मोटार चालू केली का." तो शेजारच्याच ताटावर असायचा. मग एका आषाढात एक टाळकरी आजारी पडला आणि नाइलाजानं काकाला घेतलं. पंढरपूरला पोचल्यावर त्याचे पाय तपासले, तर एक फोड नाही. आबांनी दोन्ही तळवे पुन्हा उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय." माफी म्हणून त्यांच्याकडून एवढंच मिळण्यासारखं होतं. काकाला पुरलं. मला ते आजही कमीच वाटतं.

फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्काम झाला, तिथून विडणी, पिंपरद करत बरड. ऊन असं की आषाढ आहे हे विसरायला व्हावं. माझी रजा बरडलाच संपत होती, सकाळी साताऱ्याकडची एसटी धरायची होती. निघताना काका आबांची वही घेऊन आला. नाव, गाव, रक्तगट, घरचा फोन असे रकाने आबांनी स्वतः आखलेले.

"रक्तगट सांग," काका म्हणाला.

"आता कशाला? मी तर निघाले."

"पुढच्या सालासाठी. आन जेवणाखाण्याची भिशी पण आत्ताच दे. रोख. आबांच्या दिंडीत उधारी चालत न्हाई."